बी.फार्म फर्स्ट इयर, एचएपी लॅबचे नियम, जर्नल आणि रक्ताची भीती - सल्ला हवाय

उदगीरची_फार्मसी
नमस्कार. कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) शेवटच्या राऊंडला पुण्यात बी.फार्मला नंबर लागला, मी कॉलेजात पोचले तोवर ह्युमन अ‍ॅनाटॉमी अँड फिजिओलॉजीची प्रॅक्टिकल्स सुरू झालेली होती, त्यामुळे मायक्रोस्कोप आणि टिश्यूच्या स्लाइड्स माझ्या हुकल्या आणि आता पुढच्या आठवड्यापासून रक्ताची प्रॅक्टिकल्स आहेत. सरांनी नियमांचा कागद दिलाय, अ‍ॅप्रनशिवाय आत नाही, उशीर म्हणजे अ‍ॅबसेंट, जर्नल त्याच आठवड्यात तपासून घ्यायचं, ८० टक्के हजेरी. हुकलेल्या प्रॅक्टिकल्सचं काय करू? दुसरं म्हणजे बोटाला टोचायचं म्हटलं की माझे आत्तापासूनच हातपाय गार पडतात, त्यात बॅच नेमकी सोमवारी दुपारी आणि माझा सोमवारचा उपास असतो. मैत्रिणीचं रक्त वापरलं तर चालतं का? आणि होस्टेलवर सगळ्या म्हणतात सीनियरचं जर्नल उतरवून काढ, तसं करू का?

विदर्भातली_मॅडम
मी हाच विषय शिकवते म्हणून आधी हजेरीचं सांगते. फार्मसी कौन्सिलच्या २०१४ च्या रेग्युलेशनमध्ये थिअरी आणि प्रॅक्टिकलची ८० टक्के हजेरी वेगवेगळी धरतात, म्हणजे लेक्चर्सना रोज बसलीस तरी त्याने प्रॅक्टिकलची तूट भरून निघत नाही. प्रॅक्टिकल एकूण ५० मार्कांचं, त्यातले ३५ शेवटच्या परीक्षेचे आणि १५ इंटर्नलचे. त्या १५ मध्ये १० सेशनलचे (मधल्या चाचणीचे) आणि ५ सेमभराच्या कामाचे, म्हणजे २ हजेरीचे आणि ३ जर्नल-वायवाचे (वायवा म्हणजे तोंडी परीक्षा). ९५ टक्के किंवा जास्त हजेरी असेल तर पूर्ण २, ८० ते ८४ असेल तर फक्त अर्धा. मुलं म्हणतात अर्ध्या-एक मार्कासाठी कशाला एवढं, पण पासिंग ५० टक्क्यांवर आहे आणि २४ वर अडकलेली मुलं मी दर वर्षी बघते गं, फार वाईट वाटतं.

तू उशिरा आलीस यात तुझी काही चूक नाही. एचओडींना (विभागप्रमुखांना) लेखी अर्ज दे आणि हुकलेली प्रॅक्टिकल्स दुसऱ्या बॅचबरोबर करू द्या म्हणून विचार, टेबलावर जागा असेल तर आम्ही तरी करू देतो. तोंडी विचारून थांबू नकोस, सेमच्या शेवटी डिफॉल्टर लिस्ट (हजेरी कमी असलेल्यांची यादी) लागते तेव्हा तोंडी बोललेलं कुणाच्याच लक्षात राहत नाही.

आता भीतीचं. रक्त बघून चक्कर येते तेव्हा बीपी एकदम खाली येतं आणि हृदयाचे ठोके मंदावतात, मेंदूला रक्त कमी पडतं आणि माणूस कोसळतो, यात भित्रेपणाचा काही संबंध नाही. म्हणून टोचण्याआधी मांड्या, पोट आणि दुसऱ्या हाताची मूठ दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळून धर, मग सैल सोड, असं चार-पाच वेळा कर, त्याने बीपी वर राहतं. स्टुलावर नको, पाठ असलेल्या खुर्चीत बस. तरी डोळ्यापुढे अंधारी आलीच तर लाज न बाळगता खाली आडवी हो आणि पाय वर कर. आणि आधीच सरांना सांगून ठेव, कुणी हसणार नाही.

उपास असू दे, पण उपाशी येऊ नकोस. साबुदाण्याची खिचडी, केळं, ताक काहीतरी पोटात घालूनच लॅबमध्ये ये.

नाशिकचा_ओम
जर्नलबद्दल माझं मत जरा वेगळं आहे, प्रिन्सिपल आणि प्रोसिजर सगळ्यांची सारखीच असते, ती सीनियरच्या जर्नलवरून लिहिली तर काही बिघडत नाही, उलट आकृत्या नीट येतात. ऑब्झर्वेशन मात्र स्वतःचं लिहायचं.

विदर्भातली_मॅडम
ओम, सीनियरच्या जर्नलमधली चूक जशीच्या तशी पाच-पाच बॅचेस खाली उतरत येते. एका वर्षी अर्ध्या वर्गाने डब्ल्यूबीसी (पांढऱ्या पेशी) मोजायला हेयम्स फ्लुइड (रक्त पातळ करायचं द्रावण) लिहिलं होतं! हेयम्स आरबीसीला (लाल पेशींना), डब्ल्यूबीसीला टर्क्स. टर्क्समध्ये अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड असतं, ते लाल पेशी फोडून टाकतं म्हणून पांढऱ्या मोजता येतात. प्रोसिजर स्वतःच्या शब्दात लिहिणाऱ्याला हे आपोआप कळतं, उतरवणारा वायवाला गप्प उभा राहतो.

पॅथलॅब_सोलापूर
मी टेक्निशियन आहे, रोज हेच काम. टोचायचं अनामिकेला, आणि बोटाच्या अगदी मधोमध नाही तर जरा कडेला, तिथे दुखतं कमी. स्पिरिट लावलं की पूर्ण वाळू द्यायचं, ओल्यावर टोचलं तर चुरचुरतं पण आणि थेंब पसरतो पण. पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसून टाकायचा. थेंब येत नाही म्हणून बोट पिळायचं नाही, पिळल्यावर पेशींच्या आजूबाजूचं पाणी रक्तात मिसळतं आणि हिमोग्लोबिन कमी दिसतं, मग पोरं म्हणतात सालीची मेथड (हिमोग्लोबिन मोजायची पद्धत) चुकीची आहे.

सालीच्या मेथडला नळीत आधी एन बाय टेन एचसीएल (पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल) खालच्या खुणेपर्यंत घ्यायचं, त्यात पिपेटने २० मायक्रोलिटर रक्त, आणि मग दहा मिनिटं हात लावायचा नाही, घाई केली की रंग पुरता उतरतच नाही. त्यानंतर डिस्टिल्ड वॉटर थेंब थेंब घालत कम्पॅरेटरच्या काचेशी रंग जुळवायचा. पेशी मोजायच्या पिपेटचं सोपं आहे, लाल मणी आरबीसी आणि वर १०१ ची खूण, पांढरा मणी डब्ल्यूबीसी आणि ११ ची खूण.

आणि हे मी अगदी कळकळीने सांगतो, लॅन्सेट (टोचायची सुई) एकाचं एकालाच. स्पिरिटने पुसून दुसऱ्याला टोचायचं असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हण, मग तो कोणी का असेना. हिपॅटायटिस बी स्पिरिटच्या बोळ्याने जात नाही. वापरलेलं लॅन्सेट पांढऱ्या, टोचून फाटणार नाही अशा डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे लाल पिशवीत. मैत्रिणीचं रक्त हाताळायचं असेल तर ग्लोव्हज घालूनच.

उदगीरची_फार्मसी
बापरे, लॅन्सेटचं मला माहीतच नव्हतं, आमच्या ग्रुपला एकच पाकीट दिलंय, प्रत्येकीला वेगळं मिळेल ना हे विचारूनच घेते. माझं हिमोग्लोबिन कमी आलं तर जर्नलमध्ये तेच लिहू का? सगळ्या १३-१४ लिहितात म्हणे.

विदर्भातली_मॅडम
जे आलं तेच लिहायचं. साडेनऊ आलं तर साडेनऊ. त्याचे मार्क कापणारा शिक्षक मी तरी पाहिलेला नाही, मार्क खाडाखोडीचे जातात. आणि खरंच कमी आलं तर बाहेरच्या लॅबमधून एकदा तपासून घे गं, होस्टेलवरच्या कितीतरी मुलींचं कमी असतं आणि ते पहिल्यांदा या प्रॅक्टिकललाच लक्षात येतं. खोटं १३ लिहिलं की ती संधी गेली.

फिजिओ_कोल्हापूर
हाडांबद्दल कुणी बोललंच नाही म्हणून लिहितेय. पुढे ती येतीलच, आणि २०६ नावं पाठ करून काही होत नाही कारण एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) हाड हातात देतात आणि विचारतात साइड कोणती, उजवी की डावी. हाड हातात घेऊन स्वतःच्या अंगाला लावून बघायचं. क्लॅव्हिकलचं (गळ्याखालच्या आडव्या हाडाचं) जाड टोक छातीकडे, चपटं टोक खांद्याकडे, खोबण खाली, आणि छातीकडचा बाक पुढे फुगलेला, एवढं जुळलं की उजवं-डावं कळतंच. ह्युमरसला (दंडाच्या हाडाला) डोकं आतल्या बाजूला आणि कोपराजवळचा मोठा खड्डा मागे. प्रॅक्टिकल संपल्यावर सगळे अ‍ॅप्रन काढून पळतात, तेव्हा लॅब असिस्टंट मामांना विचारून पंधरा मिनिटं थांबायचं, ते नाही म्हणत नाहीत. मात्र हाडांचे फोटो काढायचे असतील तर परवानगी घे आणि रील वगैरे अजिबात नको, सेटमधली काही हाडं खऱ्या माणसाची असतात.

उदगीरची_फार्मसी
सगळ्यांचे खूप आभार, मनावरचं ओझं उतरलं. उद्याच अर्ज देते. अर्जाला काय जोडू?

विदर्भातली_मॅडम
अ‍ॅलॉटमेंट लेटर आणि फीची पावती, दोन्हीची झेरॉक्स. हुकलेल्या प्रॅक्टिकल्सची नावं तारखांसकट अर्जातच लिही, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर ऑफिसचा शिक्का घेऊन ती तुझ्या फाइलला लाव.