पाणमांजरांना आधी काठ द्या, मग पाणी

काठावरची

बंदिस्त पाणमांजरांसाठी 'नैसर्गिक तळं' करायचं ठरलं की कागदावर पहिली रेघ उमटते ती पाण्याची. मधोमध मोठं तळं, त्याला काचेची भिंत, मागे सिमेंटचे खडक, एक धबधबा. मग जी पट्टी उरेल ती जमीन. माझ्या मते चूक इथेच होते, आणि पुढे कितीही खर्च केला तरी ती निस्तरता येत नाही.

सात वर्षं मी पाणमांजरांची देखभाल केली. पहिली तीन वर्षं अशाच एका आवारात गेली. तळं देखणं होतं, पण पोहून वर आलेल्या जनावराला अंग पुसायला जागा नव्हती. सगळीकडे काँक्रीट, तेही धबधब्याच्या तुषारांनी कायम ओलं. एका थंडीत तिथली एक मादी न्यूमोनियाने गेली. त्याआधी कितीतरी आठवडे तिचे केस आतपर्यंत भिजून अंगाला चिकटलेले दिसत होते. आम्ही ते बघत होतो, आणि ते कशाचं लक्षण आहे हे आम्हाला उमगलं नाही. ती गोष्ट अजून मनातून जात नाही.

पाणमांजराच्या कातडीखाली सील किंवा देवमाशासारखा चरबीचा जाड थर नसतो. वरचे राठ केस आणि त्याखालची दाट लव, या लवेत अडकलेली हवा हेच त्याचं पांघरूण. ती हवा टिकवायची तर पाण्यातून बाहेर आल्यावर लोळायला, अंग घासायला, केस चाटून नीट करायला कोरडी जागा हवी. म्हणूनच पाळणुकीच्या मार्गदर्शिकांत नदीत राहणाऱ्या पाणमांजरांसाठी जमीन पाण्याच्या तीन ते चार पट असावी असं सांगितलेलं असतं. आपण नेमकं उलटं करतो, कारण बघणाऱ्याला पोहणारं पाणमांजर हवं असतं.

मला हवं असलेलं तळं असं: काठ मातीचा, उतार इतका सौम्य की पाणी कुठे सुरू झालं ते पाऊल टाकल्यावरच कळावं. कुठे वीतभर खोली, कुठे बुडी मारण्याइतकी. तळाशी सुटे, उलथता येतील असे दगड. काठावर कोरडी वाळू, पाचोळा, गवत, कुजकं लाकूड, खणता येईल अशी जमीन. पाणी थोडं गढूळ झालं तर होऊ दे. जंगली पाणमांजर काही काचेच्या पेल्यात राहत नाही.

गाळणीवाला

ताई, त्या मादीबद्दल वाचून वाईट वाटलं. कोरड्या जागेचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण शेवटच्या दोन वाक्यांशी मी अजिबात सहमत नाही. पंप आणि गाळण्या सांभाळणं हेच माझं काम आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

नदी वाहती असते. तुमचं तळं साचलेलं आहे. पाणमांजर रोज आपल्या वजनाच्या साधारण पंधरा-वीस टक्के खातं, आणि त्याचं जे होतं ते सगळं काठावर नाहीतर पाण्यात जातं. वर माशांचे उरलेले तुकडे आणि तेलाचा तवंग. नदीत हे मैलभर पसरतं, तुमच्याकडे एका खड्ड्यात जमतं. त्यात मातीचा काठ म्हणजे प्रत्येक पावसात गाळ आत. गढूळ पाण्यात अल्ट्राव्हायोलेट दिवा निकामी ठरतो, कारण प्रकाश जंतूंपर्यंत पोहोचतच नाही. उंदीर आले की त्यांच्या मुतातून लेप्टोस्पायरा हा रोगजंतू पाण्यात उतरतो. गढूळपणा ज्याला तुम्ही निसर्ग म्हणता, तो माझ्यासाठी न दिसणारा आजार आहे.

आणि जखमा? नितळ पाण्यात लंगडणारा पाय, शेपटीवरचा चावा लगेच दिसतो. गढूळ पाण्यात तो दिसेपर्यंत त्यात पू झालेला असतो.

पाणवनस्पतींचंही सांगतो. आम्ही मोठ्या हौसेने पाणकणीस आणि लव्हाळे लावले होते. दोन आठवड्यांत एकही मूळ जागेवर राहिलं नाही. उपटलेली पानं पंपाच्या तोंडाशी, आणि रात्री दोन वाजता मी कमरेएवढ्या पाण्यात. रबरी अस्तर काठाशी उकरून फाडलं ते वेगळंच. काँक्रीट वाईट दिसतं, पण पाणी धरून ठेवतं आणि घासून स्वच्छ करता येतं.

पहाटफेरी

दोघांनाही विचारते: कोणतं पाणमांजर?

हा प्रश्न न विचारता तळं आखणं म्हणजे पायाचं माप न घेता चपला शिवणं. लहान नखांचं आशियाई पाणमांजर जेमतेम तीन-चार किलोचं. कुटुंबाने राहतं, खेकडे आणि शिंपले खातं, आणि शिकार शोधतं ती मुख्यतः हातांनी. पुढचे पंजे चिखलात, दगडांच्या फटींत घालून चाचपत राहतं. त्याला खोल तळं देऊन काय उपयोग? उथळ पाणी आणि भरपूर फटी द्या. गुळगुळीत फरचं पाणमांजर त्याच्या दुपटीहून मोठं, मासे खाणारं, कळपाने पाठलाग करणारं. त्याला लांबी आणि खोली लागते. युरेशियन पाणमांजर बहुतेक एकटं राहतं, म्हणजे दोघांना एकमेकांच्या नजरेआड जाता येईल अशी रचना हवी. दक्षिण अमेरिकेतलं महाकाय पाणमांजर तर पिल्लं असताना माणसांच्या वर्दळीने इतकं बिथरतं की पिल्लंच दगावतात. तिथे तळ्याच्या आकारापेक्षा आडोसा महत्त्वाचा.

गढूळ पाण्याबद्दल एवढंच म्हणेन, की मिशांनी हालचाल टिपणं आणि बोटांनी चाचपणं या ज्ञानेंद्रियांना संपूर्ण नितळ तळ्यात फारसं काम उरत नाही. ते काम देणं हा चैनीचा भाग नाही.

काठावरची

पहाटफेरी, हे मी आधीच लिहायला हवं होतं. माझा अनुभव लहान नखांच्या पाणमांजरांचा आहे, आणि माझं 'उथळ काठ' त्यातूनच आलंय.

गाळणीवाला दादा, उंदरांचं आणि लेप्टोस्पायराचं मान्य. पण एक गोष्ट तपासून बघा. आपण पाण्याच्या कसोट्या बऱ्याचदा माशांच्या टाक्यांवरून उचलतो. अमोनिया वाढला की मासा गुदमरतो, कारण तो त्याच पाण्यातून श्वास घेतो. पाणमांजर हवेत श्वास घेतं. त्याला बाधतात ते विष्ठेतले जंतू, तेलाचा तवंग आणि जास्तीचं क्लोरीन. पाण्याचा मातकट रंग आणि पाण्यातली घाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नितळ पाण्यातही जंतू भरपूर असू शकतात, आणि पाचोळ्याने चहासारखं झालेलं पाणी जंतूंच्या चाचणीत ठीक निघू शकतं. चाचणी करूया, नुसत्या डोळ्यांवर भरवसा नको.

आरसपानी

मी आवारं आखते, म्हणजे या धाग्यातली आरोपी मीच. तरीही माझी बाजू मांडते.

1907 मध्ये कार्ल हागेनबेक या जर्मन प्राणिसंग्रहालयवाल्याने हॅम्बुर्गजवळ गज काढून खंदक केले, तेव्हापासून आमचा पेशा प्रेक्षकाच्या डोळ्यांसाठी काम करतो हा आक्षेप ऐकतोय. तो बऱ्याच अंशी खराही आहे. पण काचेच्या भिंतीला नाक लावून उभं राहिलेलं मूल मी पाहिलंय. पाण्याखालून पाणमांजर समोर आलं तेव्हा ते मूल बोलायचं थांबलं. तो क्षण मला फार मोलाचा वाटतो. पाणमांजर ज्या नद्यांत राहतं त्या नद्यांची काळजी कुणाला तरी वाटायला हवी, आणि ती न पाहिलेल्या प्राण्यासाठी वाटत नाही. तुम्ही काठ वाढवून पाणी एका कोपऱ्यात नेलंत आणि जनावर दिवसभर पाचोळ्यात झोपलं, तर लोक 'रिकामा पिंजरा' म्हणून दोन मिनिटांत पुढे जातील.

काठावरची

झोपू दे ना. झोपणं हाही त्याच्या दिवसाचा मोठा भाग आहे. आणि मुलाला वाट पाहायला शिकवता येतं.

काच काढा असं मी म्हणत नाही. उथळ भाग काचेपाशी आणा. पंजे दगडाखाली कसे फिरतात ते अगदी वीतभर अंतरावरून दिसेल. खोल पाण्यात सुर्रकन निघून जाणाऱ्या सावलीपेक्षा मुलाला त्यात जास्त बघायला मिळेल. फक्त काचेच्या विरुद्ध बाजूला, माणूस दिसणार नाही अशी निदान एक वाट आणि दोन बिळं ठेवा.

खडेझेल

आमच्याकडची पाणमांजरं उताणी पडून खडे झेलतात, लोक टाळ्या वाजवतात, आणि सगळे म्हणतात बघा किती आनंदात आहेत. म्हणून सुटे दगड द्यायला माझा पाठिंबा आहे. पण या झेलण्याचा अर्थ लावताना जपून. 2020 मध्ये एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी लहान नखांची आणि गुळगुळीत फरची पाणमांजरं अभ्यासली. भूक लागली की झेलणं वाढतं असं दिसलं. आणि जास्त झेलणारी पाणमांजरं अन्न काढायच्या कोड्यांत जास्त हुशार ठरली नाहीत.

हे वाचल्यापासून मी झेलण्याच्या वेळा टिपायला लागले. बहुतेक खाण्याच्या वेळेच्या आधीच्या. तेव्हा तळं कितीही नैसर्गिक असलं, आणि मासा रोज ठरलेल्या वेळी त्याच दारातून बादलीने येत असेल, तर त्या तळ्यात शोधण्यासारखं काहीच नाही. आता आम्ही खाणं दगडांखाली, पोकळ ओंडक्यात, उथळ चिखलात वेगवेगळ्या वेळी लपवतो. दारापाशी किंचाळत उभं राहणं बरंच कमी झालंय.

मोकळंपाणी

तुम्ही सगळे सज्जन आहात, पण तुमची चर्चा चुकीच्या प्रश्नावर चाललीय. जो प्राणी नदीकाठाने काही किलोमीटर फिरतो, त्याला कोणत्याही मापाचं तळं पुरणार नाही. गोंडस चित्रफिती पाहून लोकांना घरात पाणमांजर हवंसं झालं, पिल्लांची चोरटी विक्री वाढली. शेवटी 2019 मध्ये साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, जिनिव्हा बैठकीत लहान नखांचं आणि गुळगुळीत फरचं, दोन्ही पहिल्या परिशिष्टात टाकून आंतरराष्ट्रीय व्यापार बंद करावा लागला. सुंदर तळ्यातलं पाणमांजर हीसुद्धा त्या हौसेची जाहिरातच आहे. तळी सुधारत बसण्यापेक्षा नवीन पैदास थांबवा.

पहाटफेरी

घरात पाळण्याच्या विरोधात मी तुमच्या सोबत आहे, एक पाऊलही मागे नाही. पण जप्त केलेली ती पिल्लं कुठे जातात? माणसाच्या हातून खाऊन वाढलेलं पाणमांजर बहुतेक वेळा परत सोडता येत नाही, आणि बंदिवासात ते दहा-बारा वर्षंही जगतं. ती वर्षं कशी जावीत हा प्रश्न उरतोच.

आणि पैदास नेहमी दिखाव्यासाठीच असते असंही नाही. इंग्लंडमध्ये ऑटर ट्रस्ट या पाणमांजरांसाठी काम करणाऱ्या संस्थेने 1983 पासून पाळणुकीत जन्मलेली युरेशियन पाणमांजरं नद्यांत सोडली. सोडायचं असेल तर जनावराला माणसापासून दूर ठेवावं लागतं, आणि पाण्यात शिकार करता यावी लागते. निळ्या रंगवलेल्या टाकीत ते कुठून शिकणार?

मोकळंपाणी

जप्त केलेल्यांसाठी चांगली तळी, हे मान्य. प्रदर्शनासाठी नवी पिल्लं, हे नाही. माझी रेघ तिथेच राहील.

गाळणीवाला

दोन दिवस विचार करून परत आलोय.

चाचणीचं म्हणणं पटलं. इथून पुढे रंगावरून पाणी बदलणार नाही, जंतूंच्या आकड्यावरून बदलेन. वनस्पतींचाही मार्ग दिसतोय. पाणकणीस पाणमांजरांच्या तळ्यात लावायचंच नाही. जाळीपलीकडे वेगळा उथळ वाफा करायचा आणि तळ्यातलं पाणी गाळ खाली बसवून त्या वाफ्यातून फिरवायचं. मुळांवरचे जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतील, झाडं ते उचलतील. जनावरांना झाडं उपटता येणार नाहीत, मलाही रात्री झोप मिळेल. यांत्रिक गाळणी मात्र मी काढणार नाही. विष्ठा आणि माशांचे खवले आधी बाहेर पडलेच पाहिजेत, नाहीतर तो वाफा काही महिन्यांत तुंबेल.

दोन गोष्टींवर मी अडून राहणार. एक, तळाच्या ड्रेनवर आणि पंपाच्या तोंडावर पंजा अडकणार नाही अशी बारीक जाळी, आणि ओढ एकाच ठिकाणी न ठेवता दोन-तीन तोंडांत वाटलेली. दुसरी गोष्ट पिल्लांची. पाणमांजराचं पिल्लू डोळे मिटलेलं जन्मतं, त्याला पोहणं शिकावं लागतं. आई त्याला मानेला धरून पाण्यात नेते, आणि उभ्या भिंतीच्या तळ्यात ते दमलं तर बाहेर येऊ शकत नाही. म्हणून पाण्याची पातळी हवी तेव्हा खाली आणता आली पाहिजे. तुमचा सौम्य उतार इथे मलाही हवाय, पण मातीचा नको. खरबरीत काँक्रीटचा उतार, त्यावर गोट्यांचा थर. माती पाण्याच्या रेषेपासून दोन हात मागे, मध्ये दगडांची रांग, म्हणजे पावसाचा गाळ आत येणार नाही.

काठावरची

दादा, दोन हात मागे चालेल. पण दगडांच्या रांगेत खिंडी ठेवा, सलग कठडा नको. त्यांच्या ये-जा करायच्या वाटा ठरलेल्या असतात, आणि हगायची जागाही बहुधा त्याच वाटेवर. ती जागा रोज घासून पुरती धुवू नका. तो वास त्यांचा आहे, पुसला की ती दुप्पट खूण करतात. थोडी सोडून बाकी उचला.

पैदाशीबद्दल मोकळंपाणी म्हणतात ते मला अजून सतावतंय. उत्तर तयार नाही, म्हणून लिहीत नाही.

गाळणीवाला

धबधबा काठापासून दूर, वारा तुषार पलीकडे नेईल अशा बाजूला हलवायचं आजच ठरवलं. तुमच्या त्या मादीमुळेच. वाळू किती खोल घालू?

काठावरची

निदान हातभर. खाली खडीचा थर द्या, नाहीतर वाळू तळाशी ओली राहील आणि पाणमांजरं लोळली तरी कोरडी होणार नाहीत. आणि निम्म्या वाळूवर छप्पर घाला. पावसात सगळी जमीन भिजते तेव्हाच त्यांना ती सगळ्यात जास्त लागते.