पहाडात पडते ते बर्फ, गार की हिव?

संत्रामळा (वरूड)

मंडळी, एका शब्दासाठी तुमच्याकडे आलो आहे. माझा पुतण्या लडाखमधल्या द्रासकडे रस्त्याच्या कामावर आहे. हिवाळाभर त्याचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं, "काका, रात्रभर बर्फ गिरली." फोन माझ्या आईच्या हातात गेला की ती घाबरून विचारते, "केवढ्याल्या गारा होत्या रे बाप्पा? ढोरं आत बांधली होती काय?"

तिचं चुकत नाही. आमच्या भागात आभाळातून पांढरं काही पडलं तर ती गारच. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात विदर्भ-मराठवाड्यात गारपिटीनं काय केलं ते ज्यानं पाहिलं, त्याला गार म्हटल्यावर आडवा झालेला गहू अन् झाडाखाली पडलेला संत्र्याचा सडाच दिसतो. आणि बर्फ म्हणजे तिच्या लेखी रसवंतीवरची लादी. लादी आभाळातून पडते असं सांगितलं तर म्हातारं माणूस घाबरणारच.

हिमवर्षाव हा शब्द पोरगं घरी बोलताना वापरत नाही, पुस्तकी वाटतो म्हणतं. तर आपल्या बोलीत या पडण्याला घरचा शब्द आहे का? आणि ते "गिरली" मला फार खटकतं. त्याबद्दलही सांगा.

निवृत्त मास्तर (मोर्शी)

संत्रामळा भाऊ, शब्द तुमच्या घरातच आहे. आईला थंडी वाजली की त्या काय म्हणतात? "मले हिव वाजून रायलं." हिव म्हणजे हिमच. ग्रामचा गाव झाला, नामचं नाव झालं, त्याच वाटेनं हिमचं हिंव आणि मग हिव झालं. शब्दातला म उतरून त्याचा व होतो आणि जाता जाता अनुस्वार ठेवून जातो. जुन्या लेखनात गांव, नांव, हिंव असं तिन्हींवर टिंब दिसतं. हिवाळा, ज्याला आपण वऱ्हाडात हिवाया म्हणतो, तो हिमकाळ. हिवताप म्हणजे हिव भरून येणारा ताप. हेमंत ऋतूही त्याच कुळातला.

ज्या मुलखात आभाळातून हिम कधी पडलं नाही, तिथल्या निरक्षर बाईच्या तोंडी हा शब्द रोज आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. पोरानं आजीला सांगावं, "आजी, रातभर हिव पडलं, अंगणात मांडीभर साचलं." कळेल त्यांना.

अकोटवाला

मास्तर, आदर ठेवून असहमत. हिव ही अंगाला लागणारी गोष्ट आहे, हातात घेता येणारी नाही. हिव वाजते, भरते, सुटते. फावड्यानं हिव उपसलं असं कोणी म्हणेल का? व्युत्पत्ती बरोबर असेल, पण शब्दाचा अर्थ माणसं वापरतात तो.

दुसरं, आमच्याकडच्या हिवरखेडचा या हिवाशी संबंध असावा का?

निवृत्त मास्तर (मोर्शी)

आधी दुसरं. हिवरखेड, हिवरा ही गावं हिवर नावाच्या झाडावरून आली. बाभळीच्या जातीचं, पांढुरक्या सालीचं झाड, आपल्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, आजही सापडतं. थंडीचा तिथं काही संबंध नाही.

आता पहिलं, आणि इथं थोडं थांबतो कारण मुद्दा महत्त्वाचा आहे. हाच शब्द पहाडात काय झाला ते पाहा. नेपाळीत हिउँ म्हणजे आभाळातून पडून जमिनीवर साचणारं हिम, आणि हिउँद म्हणजे हिवाळा. गढवालीत ह्यूं आणि ह्यूंद, अर्थ तेच. एकाच घरचे हे शब्द. जे वर राहिले त्यांनी वस्तूचा अर्थ धरून ठेवला, कारण वस्तू दारात होती. आपण खाली सपाटीवर. इथं वस्तू नाही, म्हणून शब्दात फक्त गारवा उरला. म्हणजे फावड्यानं हिव उपसणारी माणसं आहेत, अकोटवाले भाऊ, फक्त ती आपल्या बोलीत बोलत नाहीत.

आणि आपल्याकडेही वस्तूचा अर्थ अगदी पुसला गेला असं नाही. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. अशा निरभ्र, वारा नसलेल्या रात्री पानातली ऊब उघड्या आभाळाकडे निघून जाते आणि पान भोवतीच्या हवेपेक्षाही थंड पडतं. म्हणून हवेचा पारा शून्याच्या वर असूनही हरभऱ्याच्या शेंड्यावर दव गोठू शकतं. शेतकरी तेव्हा म्हणतो, "हिवानं हरभरा जळाला." तिथं हिव अंगाला वाजणारं नाही, पिकावर पडलेलं आहे. जुनी माणसं अशा रात्री धुऱ्यावर काडीकचरा पेटवून धूर करायची, पाण्याची सोय असेल तर हलकं ओलित द्यायची.

परतलेला (अचलपूर)

मी काही वर्षं काश्मीर अन् लडाखमधल्या झोजिला घाटाच्या अलीकडे-पलीकडे काम केलं आहे, म्हणून लिहितो. शब्द कोणताही घ्या, पण गार हा शब्द तिथं नको. दोन्हींचा जन्मच वेगळा. गार वादळी ढगात तयार होते. थेंब वर फेकला जातो, गोठतो, पुन्हा थर चढतो, आणि जड झाला की कडकडाटासह आपटतो. हिम वाफेतून थेट गोठतं, त्याचे सहा कोनांचे बारीक स्फटिक एकमेकांत अडकतात आणि पिंजलेल्या कापसाच्या भुऱ्यासारखे उतरतात. आवाज होत नाही. उलट ताज्या थरात बाकीचे आवाजही शोषले जातात. झोपलेल्या माणसाला कळतच नाही, सकाळी दार उघडायला जावं तर दार हलत नाही.

त्यामुळे क्रियापदही वेगळं हवं. मी घरी "भुरभुरतं" म्हणायचो, ते आईला लगेच कळलं. आणि दोन-दोन, तीन-तीन दिवस थांबायचं नाव घेत नसे, तेव्हा "झड लागली" म्हणायचो. श्रावणात आपल्याकडे पावसाची झड लागते, दिवस-रात्र एकच संथ धार, माणूस घरात कोंडला जातो. अगदी तसंच. हिमाची झड. याहून नेमका शब्द मला कोणत्याच भाषेत मिळाला नाही.

कामाचे शब्दही आपलेच चालतात. ताजं असेल तर "लोटायचं", कारण ते हलकं असतं. दहा सेंटिमीटर ताजा थर वितळला तर साधारण एक सेंटिमीटर पाणी निघतं, बाकी सगळी हवा. दोन दिवस बसलं की "उपसायचं". रात्री गोठून टणक झालं की "खरवडायचं". छपरावरून वेळेत "ओढून" काढावं लागतं, नाहीतर छप्पर दबतं. म्हणून काश्मिरात पत्र्याची उतरती छपरं, हिम आपोआप घसरावं म्हणून.

धानपट्टी (लाखांदूर)

परतलेले दादा, झड वाचून मन भरून आलं. आमच्याकडेही झडच म्हणतात.

मी एक भर घालते. काश्मिरात जुने लोक हिमात चालायला पुलहोर नावाची पायताणं घालत, धानाच्या पेंढ्याची विणलेली. म्हणजे आमचं तणीस! इथं आम्ही ते जनावरांना घालतो, तिथं त्यानं पाय घसरत नसत. धान पिकवणाऱ्या दोन मुलखांत एकाच काडीचे असे दोन उपयोग आहेत, हे आमच्या पोरांना सांगायला हवं.

त्यांची कांगडीही आजीला सांगा. वेताच्या टोपलीत मातीचं भांडं, त्यात निखारे, आणि ते अंगातल्या सैल फेरनच्या आत धरून माणूस हिंडतो. बाळंतिणीच्या बाजेखालची शेगडी ज्यांनी पेटवली आहे त्यांना ते एका वाक्यात समजतं.

परतलेला (अचलपूर)

ताई, खरं आहे. आणि त्यांच्या थंडीच्या हिशेबातही आपल्या ओळखीचे शब्द आहेत. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलां, मग वीस दिवस चिल्लई खुर्द, मग दहा दिवस चिल्लई बच्चा. चिल्ला म्हणजे चाळीस दिवसांचा काळ. कलां म्हणजे मोठा, आणि खुर्द तर आपल्या अर्ध्या गावांच्या नावापुढे लागतोच, धाकटं या अर्थानं. आजीला म्हणावं, तिथली थंडीसुद्धा थोरली, खुर्द अन् पोरसवदा अशी तीन भावंडं आहेत. छपराच्या कडेला लोंबणाऱ्या बर्फाच्या सुळक्यांना ते शिशिर गांठ म्हणतात. शिशिर तर आपल्या पंचांगातलाच.

हिमाला काश्मिरीत शीन म्हणतात. मोसमातलं पहिलं शीन पडलं की घराघरात गंमत चालते. चिमूटभर शीन कशात तरी गुंडाळून दुसऱ्याच्या हातात द्यायचं, त्यानं बेसावधपणे घेतलं की "नव शीन मुबारक!" आणि मग घेणाऱ्यानं जेवण द्यायचं. व्याह्यांमध्ये तर हे फार रंगतं. पोरं गोळे करून एकमेकांना मारतात. हे आजीला जरूर सांगा, कारण त्यांच्या मनात आभाळातून पांढरं पडणं म्हणजे फक्त नुकसान आहे. तिथं चिल्लई कलांत भरपूर पडलं तर शेतकरी खूश असतो. तेव्हाचा थर पक्का बसतो, उन्हाळ्यात हळूहळू विरघळतो आणि ओढ्यांना पाणी राहतं.

संत्रामळा (वरूड)

सगळ्यांचे आभार. परतलेले भाऊ, एक विचारतो. सफरचंदवाल्यांनाही हिम नेहमी चालतं का? आम्ही आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत झाडाचं पाणी तोडून ताण देतो, थंडीची त्याला साथ लागते. त्यांचंही तसंच असावं असं वाटतं.

परतलेला (अचलपूर)

सफरचंदाला थंडी हवीच, शेकडो तास पारा खाली राहिल्याशिवाय ते नीट फुलत नाही. पण हिम वेळेवर हवं. नोव्हेंबर २०१८ च्या सुरुवातीला आणि पुन्हा नोव्हेंबर २०१९ मध्ये ते लवकर आलं. झाडांवर पानं तशीच, काही ठिकाणी फळंही. पान म्हणजे हिम धरून ठेवणारा तळहात. त्या ओझ्यानं खांद्या बुडापासून चिरल्या, वर्षानुवर्षं वाढवलेली झाडं उभी फाटली. तेच हिम जानेवारीत पडलं असतं तर उघड्या काटक्यांवरून घसरून गेलं असतं. वरूडच्या माणसाला हे दुःख समजावून सांगावं लागणार नाही.

शाळेतली बाई (दारव्हा)

शेवटचा प्रश्न राहिला म्हणून लिहिते. "बर्फ गिरली" ही हिंदीची छाया. हिंदीत बर्फ स्त्रीलिंगी, म्हणून गिरली. मराठीत "बर्फ पडला" आणि "बर्फ पडलं" दोन्ही ऐकू येतं, मुलांच्या वहीत मी दोन्ही चालवते, "गिरली" मात्र दुरुस्त करते. हल्ली बातम्यांत बर्फबारी शिरलाय, त्याचीही गरज नाही. बर्फवृष्टीत फारसी आणि संस्कृत एकत्र नांदतात, तो मराठीत रुळलेला शब्द आहे, लिहिताना तो किंवा हिमवृष्टी घ्यावा. मास्तरांचं हिव घरच्या बोलण्यात मला मान्य आहे, पण "हिव पडलं" एवढंच म्हटलं तर आजी नुसती थंडी समजतील, म्हणून सोबत भुरभुर किंवा झड जोडा. "ढोरं आत आहेत. हिवाची झड लागली, अंगणात मांडीभर साचलं." ढोरांचं आधी सांगा, म्हणजे त्या पुढचं निवांत ऐकतील.