मदत हवी आहे: सर्व्हरचं नाव शोधायला दर वेळी बरोब्बर ५ सेकंद (डेबियन, पायथन)

माळरान
एका दूध संकलन केंद्राचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. दूध मापून फॅट-एसएनएफ (स्निग्धांश आणि इतर घन घटक) निघालं की मुख्य प्रोग्राम एक छोटी पायथन स्क्रिप्ट चालवतो. ती एचटीटीपीएसवरून नोंद सर्व्हरला पाठवते आणि मग पावती छापली जाते. ब्रॉडबँडची नवी जोडणी आणि तिच्यासोबतचा राउटर आल्यापासून दर पावतीला पाच सेकंदांचा खोळंबा होतोय. सकाळच्या पाळीला रांग दाराबाहेर जाते.

आतापर्यंत हाती लागलेलं:

सर्व्हर सुस्त नाही. नावाऐवजी थेट आयपी पत्ता दिला की जोडणी लगेच होते, पण मग सर्टिफिकेटवरचं नाव जुळत नाही, म्हणून तो मार्ग बाद. डिग (नावाचा पत्ता विचारणारी कमांड) चालवलं तर उत्तर २०-३० मिलिसेकंदांत येतं. पिंग मात्र आधी पाच सेकंद गप्प आणि मग सुरळीत. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर सगळं झकास.

सगळ्यात चक्रावणारं म्हणजे, स्क्रिप्टमध्ये टाइमआउट ३ सेकंद दिलाय. तरी ती पाच सेकंद थांबते आणि टाइमआउटचा एररही देत नाही. असं कसं?

अवकाळी
होस्ट्स फाइलीत नाव-पत्ता लिहा आणि मोकळे व्हा.

माळरान
सर्व्हर क्लाउडवर लोड बॅलन्सरमागे (काम अनेक मशीनांत वाटणाऱ्या यंत्रणेमागे) आहे, पत्ता बदलत असतो. बदलला की पहाटे सहाला फोन मलाच येणार.

टिंब
नावावरून पत्ता शोधणाऱ्या गेटअॅड्रइन्फो या फंक्शनच्या जागी जुनं गेटहोस्टबायनेम वापरून बघा. माझ्याकडे अशाच जोडणीवर ते झटकन उत्तर देतं. का, ते विचारू नका.

घाटवाट
टिंब, का ते मी सांगतो, कारण त्यातच या दुखण्याचा पत्ता आहे. पायथनचं गेटहोस्टबायनेम फक्त आयपीव्ही४ चा पत्ता मागतं, म्हणजे एकच प्रश्न, ए रेकॉर्डचा. गेटअॅड्रइन्फोला तुम्ही कुटुंब (आयपीव्ही४ की आयपीव्ही६) सांगितलं नाहीत तर ते दोन प्रश्न विचारतं: ए आणि क्वाड-ए, म्हणजे आयपीव्ही६ चा. आणि जीलिबसी, म्हणजे लिनक्सची मूळ सी लायब्ररी, तिच्या २.९ आवृत्तीपासून हे दोन्ही प्रश्न एकाच सॉकेटवरून, उत्तराची वाट न बघता पाठोपाठ सुटतात. काही राउटरांमधला डीएनएस (नावाचा पत्ता सांगणारी सेवा) हा प्रकार पेलत नाही. खिडकीवर दोन अर्ज एकदम सरकवले की एकावर शिक्का मारायचा आणि दुसरा टेबलाखाली पाडायचा, तशातली गत. जीलिबसी बिचारी दुसऱ्या उत्तराची वाट बघत बसते. किती वेळ? रिझॉल्व्ह-कॉन्फ या डीएनएसच्या सेटिंग फाइलीत टाइमआउट लिहिलेला नसेल तर ५ सेकंद. तुमचा आकडा जमला ना?

टाइमआउटचं कोडं: रिक्वेस्ट्स लायब्ररीतला किंवा सॉकेटचा टाइमआउट जोडणीला लागू होतो. नाव शोधण्याचं काम त्याआधी होतं, आणि गेटअॅड्रइन्फो हा सरळ अडवून धरणारा कॉल आहे. तुमचे ३ सेकंद मोजायला सुरुवात होते तीच मुळी पाच सेकंदांनंतर.

आणि डिगवर विसंबू नका. डिग जीलिबसीच्या वाटेनं जातच नाही. स्वतः पॅकेट बनवून विचारतं, तेही न सांगता फक्त ए रेकॉर्ड. होस्ट्स फाइलसुद्धा ते बघत नाही. प्रोग्रामला काय दिसतंय हे बघायचं तर ‘गेटेंट एहोस्ट्स’ आणि पुढे सर्व्हरचं नाव. एका खिडकीत टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारी कमांड) लावा डीएनएसच्या पोर्ट ५३ वर, दुसरीत गेटेंट चालवा, आणि काय दिसतं ते इथे टाका.

माळरान
टाकतो. एकाच पोर्टवरून ए आणि क्वाड-ए दोन्ही प्रश्न गेले, वेळेत मिलिसेकंदाचाही फरक नाही. ए चं उत्तर आलं. मग पाच सेकंद शुकशुकाट. नंतर ए पुन्हा गेला, उत्तर आलं, मग क्वाड-ए गेला, त्याचंही उत्तर आलं.

म्हणजे एकेक विचारलं तर राउटर नीट सांगतोय. पण मग जीलिबसी एकदा शहाणी झाल्यावर पुढच्या नोंदीला पुन्हा तेच का?

घाटवाट
छान प्रश्न. पहिल्यांदा असं अडल्यावर ती एकेक विचारण्यावर येते, पण ही आठवण त्या प्रोसेसपुरती, खरं तर त्या थ्रेडपुरती (प्रोसेसमधल्या एका धाग्यापुरती) असते. तुमचा मुख्य प्रोग्राम दर नोंदीला नवी स्क्रिप्ट सुरू करतो, म्हणजे दर वेळी कोरी पाटी. स्क्रिप्ट दिवसभर चालू राहणारी असती तर फक्त पहिला शेतकरी थांबला असता आणि तुम्हाला हे कळलंही नसतं.

आता उपाय. आधी काहीही न बदलता खात्री करा: गेटेंटच्या आधी त्याच ओळीत ‘रेझ ऑप्शन्स’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सगळी कॅपिटल, मध्ये अंडरस्कोर) ‘सिंगल-रिक्वेस्ट’ (एका वेळी एकच प्रश्न) असं देऊन चालवा. खोळंबा गेला तर निदान पक्कं.

माळरान
गेला! डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर.

टिंब
मग कोडमध्येच फक्त आयपीव्ही४ मागितलं तर? एका ओळीचं काम आहे.

घाटवाट
चालेल, पण मी करणार नाही. आज ब्रॉडबँड आहे, उद्या एखाद्या केंद्रावर सिमचं डोंगल लागेल. आपल्याकडे मोबाइल नेटवर्कवर आयपीव्ही६ सर्रास आहे. राउटरच्या खोडीसाठी प्रोग्रामचे हात बांधू नयेत. आणि सी मध्ये लिहिणाऱ्यांनी तर गेटहोस्टबायनेमकडे वळूच नये. २००८ च्या पॉझिक्स या युनिक्स मानकातून ते काढूनच टाकलंय, आणि उत्तर एकाच ठरलेल्या जागेत ठेवतं, त्यामुळे दोन थ्रेड एकमेकांचं उत्तर पुसतात.

माळरान
रिझॉल्व्ह-कॉन्फमध्ये ऑप्शन्सची ओळ घातली, राउटर बंद-चालू केला, ओळ गायब.

घाटवाट
ती फाइल नेटवर्क मॅनेजर दर जोडणीला नव्यानं लिहितो. त्याच्याच एनएमसीएलआय या कमांडनं त्या कनेक्शनच्या आयपीव्ही४ विभागात ‘डीएनएस-ऑप्शन्स’ला सिंगल-रिक्वेस्ट द्या आणि कनेक्शन खाली-वर करा. किंवा राउटरला मधून काढा: डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ थेट द्या. केंद्राच्या लॅनवरची नावं राउटरकडून शोधत असाल तर दुसरा उपाय नको, ती सापडायची बंद होतील.

माळरान
लॅनवर वजनकाट्याचं मशीन नावानंच जोडलंय, म्हणून पहिला उपाय केला. मशीन रीबूट करूनही ओळ टिकली. संध्याकाळच्या पाळीला पावत्या सटासट निघाल्या. दुसऱ्या एका केंद्रावर हाच राउटर बसणार आहे, पण तिथे नेटवर्क मॅनेजरच नाही, साधी इंटरफेसेस फाइल आहे. तिथे?

घाटवाट
स्क्रिप्टला हाक मारणारी जी शेल फाइल असेल, तिच्यात पायथनच्या ओळीआधी तेच रेझ ऑप्शन्स एक्स्पोर्ट करा. सिस्टमडीची (लिनक्सच्या सेवा चालवणाऱ्या प्रोग्रामची) सर्व्हिस असेल तर तिच्या फाइलीत एन्व्हायर्नमेंटची ओळ. रूटचे (प्रशासकाचे) अधिकार लागतील ते फक्त या दुसऱ्यासाठी.