शपथविधी बघून रडले, त्यात चुकलं काय?

पेठची लेक :
सोमवारी, २५ जुलै २०२२ ला, द्रौपदी मुर्मूंची राष्ट्रपतिपदाची शपथ बघताना डोळे भरून आले, एवढंच मी इथे लिहिलं होतं. त्यावर लगेच उत्तर आलं, "रबरी शिक्क्यासाठी कसले अश्रू गाळता?" तीन दिवस ते मनातून जात नाहीये, म्हणून लिहिते.

मी कोकणा आदिवासी. आता पंचवटीत राहते, शिक्षिका आहे. आई भाताची आवणी (लावणी) अर्धी टाकून दवाखान्यासाठी आली होती, ती शेजारी बसलेली. मुर्मूंनी भाषणाची सुरुवात "जोहार" म्हणून केली आणि आई ताठ बसली. संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये आमचा रामराम! नाशिकच्या वसतिगृहात मी तोंड उघडलं की मुली बोलीला हसायच्या, म्हणून पहिलं वर्ष मी जवळजवळ मुकीच होते. आपल्या गावातून कॉलेजात गेलेली पहिली मुलगी मीच, असं मुर्मूंनी सांगितलं. आमच्या पाड्यावरून गेलेली पहिली मी. नवरा आणि दोन तरुण मुलगे गेल्यावरही ती बाई उभी राहिली. मला रडू येणार नाही तर कुणाला येणार?

सिडकोकर :
ते उत्तर माझंच होतं. ताई, तुमच्या आईबद्दल आदर आहे. पण घटनेचं कलम ७४ वाचा, राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच चालायचं असतं. १९९७ ला के. आर. नारायणन, पहिले दलित राष्ट्रपती, आले, तेव्हा मी पेढे वाटले होते. २००७ ला प्रतिभाताई पाटील, पहिल्या महिला राष्ट्रपती, आल्या, आपल्या शेजारच्या जळगावच्या. पाड्यावरच्या बाईच्या डोक्यावरचा हंडा उतरला का? मुर्मूंच्या उपरबेडा गावातल्या एका पाड्यावर वीजसुद्धा नव्हती. उमेदवारी जाहीर झाली, मग खांब आले. दोन वेळा आशा धरून बसलो, आता होत नाही.

निफाड बागायतदार :
सही कशी होते ते आम्हाला विचारा. शेतीचे तिन्ही कायदे सप्टेंबर २०२० मध्ये राष्ट्रपतींच्या सहीने झाले आणि वर्षभराने मागे घ्यावे लागले. त्याच सप्टेंबरात कांद्याची निर्यात बंद केली. माझा चाळीतला कांदा सडला, तेव्हा कुणाच्या डोळ्यात पाणी आलं? यंदा तर द्राक्षाच्या छाटणीला माणूस मिळत नाही. सुरगाण्याची मजुरांची टोळी उचल घेते आणि येत नाही.

उंबरठाण :
बागायतदार भाऊ, त्या टोळीत माझी बहीण असते. पाड्यावर जमीन असती तर तिने तुमच्या बागेत लेकरू झाडाखाली झोपवून काम केलं असतं का? मार्च २०१८ चा शेतकरी-आदिवासींचा लाँग मार्च आठवा. माझा बाप नाशिकच्या सीबीएस चौकातून निघाला आणि मुंबईच्या आझाद मैदानापर्यंत चालला. दहावीच्या पोरांचा पेपर होता, म्हणून शेवटची वाट रात्रीतून तुडवली. तळपायाची कातडी सोलून निघाली होती. सहा महिन्यांत वनपट्टे, म्हणजे कसतो त्या वनजमिनीचे हक्क, देऊ असं सरकार म्हणालं. आमच्या ताब्यात चार एकर, दावा 'अंशतः मंजूर' होऊन मिळाले बारा गुंठे! बारा गुंठ्यांत नागली पेरायची की वरई?

गंगाघाट :
पण पट्ट्यांच्या नावाखाली जंगल तुटतंय, तेही बोला. दर उन्हाळ्यात नवी जागा जाळलेली दिसते.

उंबरठाण :
वनहक्क कायदा वाचला का? १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा लागतो. या उन्हाळ्यात जाळलेल्या जागेचा पट्टा कसा मिळेल? आमचे आजे-पणजे तिथे पुरलेत. तुम्ही रविवारी गाडीने येता, फोटो काढता आणि आम्हाला चोर ठरवता. तोंड सांभाळा.

गंगाघाट :
चोर म्हटलेलं नाही. तारखेचं बरोबर आहे, मला माहीत नव्हती. जळालेलं जंगल मात्र मी डोळ्यांनी पाहिलंय.

पेठची लेक :
धागा कुठे गेला बघा! पण बरंच झालं, माझं म्हणणं इथेच येतं. झारखंडच्या राज्यपाल असताना, २०१७ मध्ये, मुर्मूंनी आदिवासी जमिनींच्या दोन कायद्यांतल्या दुरुस्त्या सरकारला परत पाठवल्या. छोटानागपूरचा एक आणि संथाल परगण्याचा एक. सरकार त्यांच्याच पूर्वीच्या पक्षाचं होतं. शेवटी दुरुस्त्या मागे घेतल्या गेल्या. सिडकोकर दादा, हा रबरी शिक्का का?

सिडकोकर :
नाही. ते मी लक्षात घ्यायला हवं होतं. तेवढं मागे घेतो. पण घटनेच्या पाचव्या अनुसूचीत, म्हणजे आदिवासी भागांच्या तरतुदींत, मोठे अधिकार राज्यपालांना आहेत, आणि मुर्मू आता राष्ट्रपती म्हणून दिल्लीत आहेत. विधेयक परत पाठवता येईल, तेही एकदाच. दुसऱ्यांदा आलं की सही करावीच लागते. आशा ठेवा, पण दार कुठलं वाजवायचं ते बघून.

उंबरठाण, मी महसुलात ३१ वर्षं काढली. बारा गुंठ्यांच्या आदेशात क्षेत्र कमी करण्याचं कारण लिहिलंय का? जिल्हा समितीकडे जायची ६० दिवसांची मुदत टळली असेल, पण कारणच नसेल तर भांडायला जागा आहे. गावातल्या म्हाताऱ्यांचा जबाबही पुरावा धरतात, वनहक्क नियमांतला नियम १३. जोडला होता का?

उंबरठाण :
जबाब कुणी मागितलाच नाही. आदेशात कारणाच्या जागी रेघ मारलीय. कागदांचे फोटो रात्री पाठवतो, पाड्यावर रेंज नसते. आणि दादा, शपथेच्या दिवशी माझा बापही टीव्हीसमोर टोपी काढून उभा होता. त्याला तुम्ही हसायचं नाही.