प्रतिसाद: लंडनच्या 'जॉर्ज इन'चे सज्जे

वरच्या एका प्रतिसादात म्हटलं आहे की लंडनच्या साउथवर्क भागातल्या 'जॉर्ज इन'चे लाकडी सज्जे निव्वळ शोभेचे आहेत. इथे मी असहमत आहे. ते त्या इमारतीचे रस्तेच आहेत! घोडागाड्यांच्या काळातली ही सराय. आत लांब बोळ काढला असता तर खोल्यांची जागा गेली असती. म्हणून जिना चढून प्रवासी उघड्या सज्ज्यात यायचा आणि तिथूनच थेट आपल्या खोलीत शिरायचा. खाली अंगणात गाड्या, घोडे, सामानाची चढउतार. तळमजल्यावरच्या एका बारमध्ये तर पूर्वी गाडीची वाट पाहणारे प्रवासी बसत.

१६७६ च्या साउथवर्कच्या आगीनंतर, १६७७ मध्ये ती पुन्हा बांधली गेली. तेव्हा अंगणाला तिन्ही बाजूंनी इमारत होती. आज आपल्याला दिसते ती फक्त दक्षिणेची बाजू. उरलेल्या दोन बाजू ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने १८८९ मध्ये गोदामांसाठी पाडल्या. घोडागाड्यांचा धंदा रेल्वेने बुडवला आणि वर त्यांची सरायही मोडली, याचं मला फार वाईट वाटतं. १९३७ पासून ती नॅशनल ट्रस्ट या ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे, आणि सज्जे असलेली अशी सराय लंडनमध्ये एवढी एकच उरली आहे.

जाणार असाल तर आधी अंगणात थांबून पूर्ण दर्शनी भाग पाहा. सज्जे इमारतीच्या एकाच भागाला आहेत, बाकीचा भाग सपाट विटांचा आहे. हा फरक फोटोत सहसा सुटतो.