साळींदराने हापूसची साल खाल्ली, तरी पानं हिरवीगार. कलम वाचेल का?

देवगड तालुक्यात कातळावर आमची सहा वर्षांची हापूसची कलमं आहेत. दिवाळीला गावी आलो तर गडग्यालगतच्या (दगडी कुंपणालगतच्या) एका कलमाची साल साळींदराने खाल्लेली. कलम बांधलेल्या जोडाच्या वर, खोडाभोवती चार बोटं रुंद पट्टा, आतलं पांढरं लाकूड उघडं. शेजारचे काका म्हणाले, "गेलं समज. आता पाणी वर कसं चढणार?"

महिना होत आला, एक पान सुकलेलं नाही. पट्ट्याच्या वरच्या काठाला साल ओठासारखी फुगलीय, खालचा काठ मात्र जसाच्या तसा. पाणी बंद झालं असेल तर पानं हिरवी कशी? आणि चालू असेल तर मी उगाच घाबरतोय का?

निवृत्त_मास्तर: घाबरा, पण काका सांगतात त्या कारणाने नको. पाणी सालीतून चढतच नाही, लाकडातल्या जलवाहिन्यांतून चढतं. लाकूड शाबूत असेल तर तो रस्ता उघडा आहे. पाणी ओढतात पानं. आंब्याच्या पानाची पर्णरंध्रं, म्हणजे बारीक छिद्रं, मुख्यतः खालच्या अंगाला असतात. तिथून वाफ बाहेर पडते तसा पाण्याचा अखंड धागा मुळांपासून वर खेचला जातो.

पानात तयार झालेली साखर मात्र खाली उतरते ती सालीच्या आतल्या थरातून, रसवाहिन्यांतून. ती वाट साळींदराने खाल्ली. साखर वर तुंबली, म्हणून तो ओठ. माल्पिघी नावाच्या इटालियन वैद्याने 17व्या शतकातच झाडांची साल कड्यासारखी काढून हाच फुगवटा पाहिला होता. तुमची मुळं सध्या साठवलेल्या स्टार्चवर जगतायत. ते संपलं की मुळं मरतील आणि मग पानं सुकतील. यंदा मोहोर जास्त आला तर हुरळून जाऊ नका, वर तुंबलेल्या साखरेचीच ती करामत असू शकते.

धागाकर्ता: पण माडाला चढायला खाचा पाडतात, त्याला कुठे काय होतं?

निवृत्त_मास्तर: माडाला अशी सोलता येणारी साल नसतेच. पाणी आणि अन्न नेणाऱ्या वाहिन्यांच्या जुड्या खोडभर विखुरलेल्या असतात, खाचेने थोड्याच तुटतात. पण ती खाच कधी भरूनही येत नाही, बघा एखाद्या जुन्या माडाला.

कलमवाला_राजापूर: मास्तर, ते ठीक, पण आधी सांगा, पट्टा पूर्ण गोल आहे का? कुठे साल शिल्लक असेल तर नखाने खरवडा.

धागाकर्ता: आत्ता बॅटरी घेऊन बघून आलो. गडग्याच्या बाजूला, जिथे त्याचं तोंड पोचलं नसणार, तिथे बोटभर साल आहे. खरवडल्यावर हिरवट, ओली.

कलमवाला_राजापूर: मग आशा आहे. ती पट्टी जीवापाड जपा. उरलेल्या बाजूंना सालीचे पूल बांधा. त्याच झाडाच्या पेन्सिलीएवढ्या काड्या घ्या, दोन्ही टोकं पाचरीसारखी तासा. जखमेचे वरचे-खालचे काठ ताज्या सालीपर्यंत छाटा, काडीचं एक टोक वरच्या सालीखाली, दुसरं खालच्या सालीखाली सरकवा, बारीक खिळे मारून पट्टीने घट्ट गुंडाळा. तीन-चार पूल पुरे. काडी किंचित बाहेर वाकलेली ठेवा, नाहीतर वाऱ्याने खोड हललं की सुटते. साल लाकडापासून सहज सुटत असेल तेव्हाच हे जमतं, म्हणून आधी एका फांदीवर पाहून घ्या. पूल बसेपर्यंत बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप) पुलांच्या जोडांवर फासू नका. आणि कलमाच्या मूळ जोडाच्या खालून फुटवा आला तर काढा, तो रायवळ, म्हणजे खालच्या गावठी आंब्याचा, हापूसचा नव्हे.

धागाकर्ता: काडीचं वरचं टोक वरच लागतं ना? की कसंही चालतं?

कलमवाला_राजापूर: वरचं वरच. उलटी काडी चिकटली तरी नीट पोसत नाही. कापतानाच खूण करा. आणि खोडाला बारीक तारेची जाळी आजच लावा, तो परत येतो.

धागाकर्ता: जाळी लावतो. काड्यांच्या वरच्या टोकांना चुन्याचे ठिपके देतो आणि उद्या सकाळी एका फांदीवर साल सुटते का ते बघतो.