विषय: चर्चच्या समर कॅम्पला मुलीला पाठवायचं का?

नमस्कार मंडळी,

जरा सल्ला हवाय. मुलगी सहावीत आहे, तिच्या मैत्रिणीच्या घरच्यांनी विचारलंय की त्यांच्या चर्चच्या समर कॅम्पला हिलाही पाठवता का. जुलैमधे, रविवार दुपारपासून शनिवार सकाळपर्यंत, तळ्याकाठी केबिनमधे राहायचं, फोन न्यायचा नाही. मुलगी हरखून गेलीये. नवरा म्हणतो पाठवू, सासूबाई इथेच अमेरिकेत आहेत सध्या, त्या काही बोलत नाहीत पण त्यांना पटलेलं नाही हे कळतं. आणि माझं म्हणाल तर मला दोन्ही भीती आहेत. एक धर्माची, म्हणजे आठवडाभर तिच्या कानावर काय पडेल ही, आणि दुसरी त्याहून मोठी, २०२५ च्या ४ जुलैला टेक्सासमधे ग्वादालूपे नदीला पूर आला आणि नदीकाठच्या ख्रिश्चन कॅम्पमधल्या सत्तावीस मुली आणि त्यांना सांभाळणाऱ्या काउन्सेलर गेल्या, ते मी विसरूच शकत नाही. तुमच्यापैकी कोणी मुलांना पाठवलंय का? आत नेमकं काय असतं?

– मुलीची आई

०००

अगं, बरं केलंस विचारलंस. आमची दोन्ही मुलं मिळून नऊ उन्हाळे अशाच एका मेथडिस्ट (प्रोटेस्टंटांमधला एक पंथ) चर्चच्या कॅम्पला गेली आणि त्यातले शेवटचे चार उन्हाळे मी स्वतः एकेक आठवडा तिथल्या स्वयंपाकघरात राहून काम केलंय, म्हणून जे डोळ्यांनी बघितलं तेच सांगते.

सकाळी सातला घंटा होते. हौशी मुलं त्याच्याही आधी उठून त्या गार तळ्यात उडी मारून येतात, त्याला पोलर बेअर म्हणतात, आणि पाचही दिवस न चुकता जाणाऱ्याचं नाव शुक्रवारी सगळ्यांसमोर पुकारतात. मग झेंडावंदन, मग जेवणाच्या हॉलमधे उभं राहून प्रार्थनेचं गाणं, टेबलं बडवत, पाय आपटत, आणि ते गाणं संपल्याशिवाय कोणी बसत नाही. नाश्ता झाला की केबिन झाडायची, पलंग आवरायचे, ओले टॉवेल दोरीवर घालायचे, मग तपासणी, आणि ज्यांची केबिन सगळ्यात नीट त्यांच्या दाराला एक सोनेरी रंग दिलेली सुपली दिवसभर टांगलेली असते. घरी ताट न उचलणारा आमचा मुलगा त्या सुपलीसाठी पलंगाखाली आडवा पडून हाताने केर काढत होता, हे मी खिडकीतून बघितलंय.

जेवणाचं सांगायलाच हवं कारण माझी जागा तिथे होती. प्रत्येक टेबलाचा एक हॉपर असतो, त्या दिवशी त्याने खिडकीतून भांडी न्यायची, सगळ्यांना पुरेल असं बघायचं आणि शेवटी टेबल पुसून जायचं, पाळी सगळ्यांवर येते. आणि जेवण झालं की पानात टाकलेलं सगळं एका बादलीत जमा करून बादली काट्यावर ठेवतात आणि आकडा फळ्यावर लिहितात. मागच्या खेपेला सोमवारी अकरा पौंड होतं. कोणी कोणाला ओरडलं नाही, नुसता आकडा लिहिला. शुक्रवारी दीड पौंड! पोरं एकमेकांना सांगत होती की आधी थोडं घे, मग परत घे.

आता धर्माचं. सकाळी पाऊण तास केबिनवार बायबलमधली एक गोष्ट आणि तिच्यावर गप्पा, संध्याकाळी तळ्याकाठी ओंडक्यांवर बसून व्हेस्पर्स, म्हणजे संध्याकाळची प्रार्थना, समोर साधा लाकडी क्रॉस, आणि रात्री शेकोटी, तिथे आधी धुडगूस, नाटुकली, आरडाओरडा आणि मग हळूहळू आवाज उतरत जाणारी गाणी. ते चर्च आहे आणि ते लोक ते लपवत नाहीत, मला तेच बरं वाटलं. माझ्या लेकीने पहिल्याच वर्षी काउन्सेलरला विचारलं होतं की मी प्रार्थना नाही केली तर चालेल का, ती म्हणाली हो, फक्त आमच्यात हात धरून उभी राहा, गप्प राहिलीस तरी चालेल.

शेवटच्या रात्रीचं एक सांगते आणि थांबते. शेकोटीत निखारे उरले की डायरेक्टर एक मेणबत्ती पेटवते, तिच्यावर शेजारच्याची, त्याच्यावर पुढच्याची, असं करत गोल पूर्ण होतो, शंभर-सव्वाशे मुलं आणि एक शब्द नाही. तर त्यात एक रीत आहे, पेटलेली मेणबत्ती सरळ धरायची आणि न पेटलेली तिच्याकडे तिरकी करायची, म्हणजे गरम मेण हातावर सांडत नाही. ही रीत मोठी माणसं शिकवत नाहीत. माझ्यासमोर एका बाराएक वर्षांच्या मुलाने शेजारच्या छोट्याचं मनगट धरून त्याला ते दाखवलं, आणि त्याला कोणीतरी आधीच्या कुठल्या उन्हाळ्यात दाखवलं असणार. मला त्या कॅम्पमधे सगळ्यात मोलाचं हेच वाटतं की तिथल्या रीती मुलांच्या हातात आहेत, मुलंच त्या पुढच्यांना देतात, आपल्या मराठी मंडळात सगळं आपण चाळिशी-पन्नाशीचे लोक करतो आणि मुलं खुर्च्यांवर बसलेली असतात. यावर खरंच बोलायला हवं एकदा.

– स्वयंपाकघरवाल्या काकू

०००

काकूंची मेल दोनदा वाचली. मला यामागचा इतिहास फार जवळचा आहे म्हणून थोडं लिहितो, वहिनी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातही आहे.

हे कॅम्प मुळात मुलांचे नव्हतेच, अख्ख्या कुटुंबांचे होते. ऑगस्ट १८०१ मधे केंटकीमधे केन रिज नावाच्या ठिकाणी हजारोंनी लोक घोडागाड्या जोडून आले, दिवसच्या दिवस तिथेच राहिले, तिथेच शिजवलं, प्रवचनं ऐकली, गायले. एरवी शेजाऱ्याचं घर मैलांवर, वर्षभर माणूस दिसायचं नाही, तेव्हा देवाइतकीच माणसांची भूक होती असं मला वाटतं. तिथून अशा कॅम्प मीटिंगची, म्हणजे मुक्कामी प्रार्थनासभांची, लाटच आली. १८३५ साली मॅसॅच्युसेट्समधल्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावर मेथडिस्ट लोकांनी ओकच्या राईत पहिल्यांदा नऊ तंबू ठोकले, दर उन्हाळ्यात यायला लागले, मग त्याच तंबूंच्या चिंचोळ्या जागांवर नक्षीदार लाकडी घरं बांधली, आजही अशी तीनशेच्या वर घरं तिथे एकमेकांना खेटून उभी आहेत आणि पुढच्या दारांना तंबूसारखी दोन पाखं.

आम्ही ऑगस्टमधे तिथे इल्युमिनेशन नाइटला, म्हणजे कंदिलांच्या रात्रीला, गेलो होतो. ही प्रथा १८६९ पासूनची. मधोमध १८७९ सालचा लोखंडी खांबांचा उघडा मंडप आहे, टॅबर्नॅकल म्हणतात, तिथे आधी सगळं गाव मिळून गातं, अंधार पडला की मंडपातले दिवे घालवतात, आणि वस्तीतल्या कोणा एका मानाच्या माणसाच्या हातून एक कागदी कंदील लागतो. तो लागला की मग घरोघरच्या ओसऱ्यांवर कंदील लागत जातात, शेकड्यांनी. माझ्या शेजारच्या ओसरीवर एक म्हातारी बाई नातीला स्टुलावर चढवून कंदील अडकवायला लावत होती, कंदिलाचा कागद जुना, घडीवर विरलेला, आणि ती सारखी सांगत होती की खालून धर, वरून नको. मी तिथेच उभा राहिलो, पुढे जावंसं वाटेना.

मुलांचे चर्च कॅम्प नंतरचे. १८८० मधे कनेक्टिकटमधल्या वेस्ट हार्टफर्डचे पाद्री जॉर्ज हिंक्ली आपल्या चर्चच्या सात मुलांना घेऊन ऱ्होड आयलंडमधल्या गार्डनर्स आयलंडवर राहायला गेले, पहिला चर्च कॅम्प म्हणून त्याचंच नाव घेतात. सकाळी थोडा वेळ धर्माचं, मग पोहणं, खेळ, रात्री गाणी नि गोष्टी. काकूंनी लिहिलेला दिवस बघा, तोच आहे! आणि यातले किती कॅम्प गेल्या काही दशकांत मुलं कमी झाली, खर्च झेपेना म्हणून चर्चना विकावे लागले, जमिनीला भाव आला आणि शंभर वर्षांची शेकोटीची जागा गेली, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून कोणी बोलावतंय तर पाठवा.

– काका

०००

ताई, मी मराठी ख्रिस्ती कुटुंबातली आहे म्हणून दोन गोष्टी मोकळेपणाने लिहिते.

पहिली, सगळे चर्च कॅम्प एकसारखे नसतात. काकूंनी लिहिलाय तसे असतात, आणि काही ठिकाणी शेवटच्या रात्री भावना भरून आलेल्या असताना मुलांना पुढे बोलावतात, की आज येशूला स्वीकारायचंय त्यांनी उभं राहा. मी श्रद्धा ठेवणारी बाई आहे आणि तरी सांगते की आठवडाभर घरापासून लांब असलेल्या, झोप अपुरी झालेल्या अकरा वर्षांच्या मुलीसमोर, आईबापांच्या माघारी, हे करणं मला बरोबर वाटत नाही. माझ्या भाच्यावर ही वेळ आली होती, तो आला तो आठ दिवस घुसमटलेला होता. तेव्हा आधीच डायरेक्टरला सरळ फोन करून विचारा, शेवटच्या रात्री काय होतं, मुलांना पुढे बोलावता का, दुसऱ्या धर्माची मुलं येतात का आणि तेव्हा ती काय करतात. प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) असेल तर ती नुसती बसून राहिली तर चालेल का तेही विचारा. चांगले लोक या प्रश्नांनी दुखावले जात नाहीत, उलट नीट बसून उत्तर देतात. कोणी उडवाउडवी केली तर मात्र पाठवू नका.

दुसरी गोष्ट गाण्याची. आमच्या मराठी चर्चमधे आम्ही अभंग गातच मोठे झालो, पेटी, तबला, टाळ, एकाने ओळ घ्यायची आणि सगळ्यांनी धरायची. इथे पहिल्यांदा कॅम्पच्या शेकोटीपाशी बसले तेव्हा चाल अनोळखी, भाषा इंग्लिश, पण म्हणायची पद्धत तीच, एक काउन्सेलर ओळ टाकते आणि मुलं ती उचलतात, पुस्तक नाही, पडदा नाही, दुसऱ्या कडव्याला नवीन मूलसुद्धा गायला लागलेलं असतं. सासूबाईंना हे सांगा. भजनाला बसलेल्या माणसाला ते लगेच कळेल.

– अभंगवाली मावशी

०००

हाय आँटी, आई ही मेल्स वाचून दाखवत होती, मी दोन समर काउन्सेलर होतो म्हणून तिने सांगितलं तू लिही. माझं मराठी टायपिंग स्लो आहे.

सेफ्टीबद्दल. आम्हाला मुलं यायच्या आधी एक आठवडा ट्रेनिंग होतं. तळ्यात जाताना प्रत्येकाला जोडीदार, फळ्यावर दोघांचे टॅग शेजारी-शेजारी, आणि दर थोड्या वेळाने शिट्टी वाजली की जोडीदाराचा हात पकडून वर करायचा आणि आम्ही मोजायचो. आकडा जुळला नाही तर सगळे पाण्याबाहेर. आणि कोणताही मोठा माणूस एका मुलाबरोबर एकटा बंद जागेत थांबणार नाही हा रूल. तुम्ही विचारा की अमेरिकन कॅम्प असोसिएशनची मान्यता आहे का, ती कंपल्सरी नसते, म्हणून ज्यांनी घेतलीये त्यांनी मेहनत केलीये असं समजा. टेक्सासच्या नंतर हे पण विचारा की केबिन पूररेषेत आहेत का, रात्री वादळाची वॉर्निंग आली तर कोण जागं असतं, मुलांना कुठे नेणार, त्याची प्रॅक्टिस करता का.

घरची आठवण येणारच. सोमवारची आणि मंगळवारची रात्र सगळ्यात वाईट, दिवसा काही वाटत नाही, बॅटरी बंद केल्यावर येतं. माझ्या केबिनमधे एक मुलगा उशीत तोंड घालून रडायचा, मी काही बोलायचो नाही, त्याच्या बंकशेजारी जमिनीवर बसून राहायचो तो झोपेपर्यंत. बुधवारी त्यानेच दुसऱ्या एका मुलाला सांगितलं की दोन रात्री असं होतं, मग जातं. प्लीज तिला आधी असं सांगू नका की नाही आवडलं तर मी लगेच न्यायला येईन, मग ती दर तासाला तेच विचार करत राहते. पत्रं पाठवा. दुपारच्या आरामाच्या वेळी पत्रं वाटतात, नाव पुकारतात, ज्याला पत्र नाही त्याचा चेहरा आम्हाला दिसायचा. जायच्या दिवशीच पत्रं ऑफिसमधे देता येतात, वर वार लिहायचा, ते रोज एक देतात.

– काउन्सेलर दादा

०००

सगळ्यांचे मनापासून आभार. काल डायरेक्टरशी पाऊण तास फोनवर बोलले, मावशींनी आणि दादाने सांगितलेले सगळे प्रश्न विचारले. केबिन उंचावर आहेत, वादळाचा इशारा असेल त्या रात्री दोन माणसं आळीपाळीने जागी असतात, दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी मुलांना दगडी हॉलपर्यंत नेऊन आणायची प्रॅक्टिस होते. पुढे वगैरे बोलवत नाहीत, मेणबत्त्यांचा गोल मात्र असतो. दुसऱ्या धर्माची मुलं दरवर्षी चार-पाच असतात म्हणाली. फॉर्म भरला.

सासूबाईंना तुमच्या मेल्स वाचून दाखवल्या. कंदिलाचं परत एकदा वाचायला लावलं. मावशींचं गाण्याचं ऐकल्यावर म्हणाल्या, ओळ टाकणारी मुलगी सुरात असली म्हणजे झालं. आणि आज सकाळी बघते तर डायनिंग टेबलावर पाच पाकिटं, सोमवार ते शुक्रवार, वर वार लिहिलेले. मुलीला मराठी वाचता येतं पण जोडाक्षरांना अडखळते, म्हणून मोठ्या अक्षरात, दोन ओळींत भरपूर जागा सोडून लिहिलीयेत, आणि मंगळवारचं पाकीट सगळ्यात जाड आहे.

कोणाकडे मुलांच्या मापाची स्लीपिंग बॅग आहे का आठवड्यापुरती? शनिवारी येऊन घेऊन जाईन.

– मुलीची आई